पिठाच्या डब्यातली चावी

मी शाळेच्या व्हॅनची चावी बोलतेय. जरा हळूच बोलतेय, सांभाळून घ्या. सध्या मुक्काम स्वयंपाकघरातल्या पिठाच्या डब्यात आहे आणि झाकण नुसतं वाजलं तरी माझा जीव घाबरा होतो.

भित्री मी पहिल्यापासूनच. कारखान्यात आम्ही दोघी जुळ्या एकाच तारेत ओवलेल्या होतो. पहिल्याच वर्षी बहीण गटाराच्या जाळीतून खाली गेली ती गेलीच. मेकॅनिकनं तेव्हाच बजावलं, की आता हिला जपा, ही गेली तर अख्खं लॉक बदलावं लागेल. तेव्हापासून जाळी दिसली की माझी पाचावर धारण बसते.

माझे मालक म्हणजे व्हॅनमधल्या सगळ्या पोरांचे गाडीवाले आजोबा. खरी नात मात्र एकच. दोन मिनिटं एका जागी बसत नाही, म्हणून आजोबा तिला भिंगरी म्हणतात. पुढची सीट तिच्या हक्काची. माझ्या कडीतला लोकरीचा गोंडा तिनंच बांधलाय, आणि तो ओढायचा हक्कही तिचाच. वर्षानुवर्षं मी आजोबांच्या गुडघ्याशी डुलत शाळेत जात होते. सुखाचे दिवस होते, पण भित्र्याला सुखातही स्वस्थता नसते.

मग एका सकाळी सिग्नल हिरवा झाला आणि गाडी हलेना. मागे हॉर्नवर हॉर्न. आजोबांचे डोळे उघडे, हात स्टिअरिंगवर, पण माणूस जागेवर नव्हता. पोरांना वाटलं आजोबा गंमत करतायत, ती खिदळायला लागली. भिंगरीनं बाही ओढली. गोंडा ज्या गुडघ्याला टेकला होता तो लाकडासारखा ताठ झाला होता. थोड्या वेळानं आजोबा परत आले आणि म्हणाले, ‘काय झालं?’

डॉक्टर म्हणाले, हा फिटचाच एक प्रकार आहे. त्यांनी गाडी बंद करायला सांगितली आणि लायसन्सच्या ऑफिसला तसं कळवलं. वैद्यकीय तपासणीचा निकाल लागेपर्यंत लायसन्स स्थगित झालं आणि मी दारामागच्या खिळ्यावर गेले. जीव टांगणीला लागणं म्हणजे काय, ते मला विचारा.

आठ आठवडे लागतील असं ऑफिसच्या पाटीवर लिहिलं होतं. पण सरकारी काम आणि सहा महिने थांब! आधी रिपोर्ट पोचला नाही म्हणाले. मग पोचला, पण त्यावर दुसऱ्या डॉक्टरांची सही हवी होती. ती मिळेपर्यंत पहिला रिपोर्ट जुना झाला. खिडकीतल्या बाई रोज तेच सांगायच्या, ‘काका, प्रक्रियेत आहे.’ त्या तरी काय करणार, त्यांच्यामागे फायलींची भिंत होती. घरी येऊन आजोबा ऑफिसच्या नावानं बोटं मोडायचे. घरातले सगळे देव पाण्यात घालून बसले होते. मीसुद्धा.

पण तेही एका सकाळपर्यंतच.

गाडी उभी राहिली की बॅटरी उतरते, म्हणून आजोबा अधूनमधून मला घेऊन खाली जायचे. अंगणातल्या अंगणात गाडी जरा वेळ सुरू ठेवायची आणि वर यायचं. त्या सकाळी त्यांनी मला फिरवलं, इंजिन लागलं. आता चावी सोडायची असते, हे त्यांच्या हाताला पाठ आहे. हात सुटलाच नाही. स्टार्टर कर्रर्र करत ओरडत राहिला आणि माझ्यावरची बोटं आवळलेलीच राहिली. मी वर पाहिलं. डोळे उघडे होते आणि आजोबा पुन्हा तिथं नव्हते.

भानावर आल्यावर त्यांनी गाडी बंद केली, घाम पुसला, इकडेतिकडे पाहिलं. मग वर जाऊन आजीला म्हणाले, बॅटरी ठीक आहे.

त्या दिवसापासून मी एकटीच उलटा नवस करत होते. देवा, ऑफिसला घाई नको. सह्या राहू देत, फाईल हरवू दे. कारण चावीला नाही म्हणता येत नाही, फिरवेल तिकडे फिरावं लागतं. आणि पुढच्या सीटवर कोण बसतं ते मला माहीत आहे.

काल निकाल आला. ‘वाहन चालवण्यास योग्य.’ त्यांच्याकडच्या कागदांवरून त्यांनी बरोबरच लिहिलं असणार, पण त्या सकाळचा कागद कुणाकडेच नव्हता. आजोबांनी शाळेला फोन केला, उद्यापासून येतो. भिंगरी घरभर नाचली.

आज उजाडायच्या आत आजीनं मला खिळ्यावरून काढलं आणि पिठात दडवलं. मला कळेना, हिला काय झालं?

मग शोधाशोध सुरू झाली. उशा झाल्या, खिसे झाले, गादी उलथली. भिंगरी दप्तर घेऊन दारात उभी. आजोबा स्वयंपाकघरात आले आणि बोलता बोलता थांबले. चूल पेटली नव्हती, परात कोरडी होती, पण आजीच्या मनगटाला पीठ लागलं होतं. त्यांनी झाकण उघडलं.

आजी म्हणाली, “त्या दिवशी गाडी किती वेळ ओरडत होती, मी ऐकलंय. तुम्ही कधी चावी अशी धरून ठेवत नाही.”

आजोबांचा हात पिठातून खाली आला. बोटांना मी लागले, त्यांनी मला मुठीत घेतलं. मी म्हटलं, संपलं. मूठ बराच वेळ तशीच होती. मग ती सुटली. हात रिकामाच वर गेला आणि अंधार झाला.

बाहेर शाळेला फोन लावल्याचं ऐकू आलं. “बाई, दुसरा कुणी बघा,” आजोबा म्हणत होते. “मला परत एकदा झालंय. डॉक्टरांना सांगतो आजच. नाही, परत कधी येईन ते नाही सांगता येणार. लागेल तेवढा वेळ लागू दे.”

“आजोबा, चावी सापडली?” भिंगरीनं विचारलं.

“नाही गं. चल, चालत जाऊ.”

जिन्यावरून दोघांची पावलं उतरली. व्हॅनपाशी येऊन मोठी पावलं जराशी रेंगाळली. मग ती पुढे गेली.

आता तुमच्याकडे एकच मागणं आहे. कधी या घरी आलात आणि पीठ घेताना हाताला लोकरीचा गोंडा लागला, तर मला वर काढू नका. झाकण लावा आणि विचारलंच कुणी, तर सापडली नाही म्हणून सांगा.