प्याल्यावर जळणारा फळा

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे, आणि आधीच सांगून टाकतो, स्वभावाने मत्सरी आहे. फळ्याने कुणावर जळावे, असे तुम्हाला वाटेल. मी एका प्याल्यावर जळत होतो.

चाकणच्या दत्तोबा सुतारांनी मला घडवले. सागाच्या दोन फळ्या त्यांनी इतक्या नेटक्या जोडल्या, की सांध्यावरून बोट फिरवले तरी कळायचे नाही. त्या सुमारास पिंपरीला औषधांचा नवा कारखाना उभा राहिला होता. नगरकडची काही ख्रिस्ती कुटुंबे तिथे कामाला आली आणि स्टेशनापलीकडच्या एका पत्र्याच्या खोलीत त्यांची उपासना सुरू झाली. तिथल्या ज्योतीराम मास्तरांनी मला सायकलला बांधून आणले. मास्तर दिवसा कारखान्याच्या गोदामात राबायचे आणि संध्याकाळी मोठ्या माणसांना धर्माची प्रश्नोत्तरे शिकवायचे.

मी कामाला वाघ होतो. दहा आज्ञा माझ्यावर, गीतांची कडवी माझ्यावर, रविवारचा शास्त्रपाठही माझ्यावरच. पण माझा खरा तोरा होता त्रिकोणाचा. मास्तर पट्टीने मोठा त्रिकोण काढायचे. एका कोपऱ्यात पिता, दुसऱ्यात पुत्र, तिसऱ्यात पवित्र आत्मा, आणि मधोमध देव; तिघे, तरी देव एकच. “बघा, किती सोपं आहे!” असे म्हणून ते मागे सरकायचे आणि माझी छाती फुगायची. भल्याभल्या पंडितांना जे उमगले नाही ते माझ्या चार फूट लांबीत मावले, असे मला अगदी मनापासून वाटे.

आणि हा प्याला! जर्मन सिल्व्हरचा, ओंजळीएवढा. तीन-तीन महिने पेटीत मऊ फडक्यात झोपायचा. खडकीहून रंगराव पाळकसाहेब आले, की तेवढ्यापुरता बाहेर यायचा. येशूच्या रक्ताची खूण म्हणून मनुका भिजवून काढलेला रस त्यात कुणीतरी ओतायचे, आणि हा मेजावर मिरवायचा. आयत्या बिळावर नागोबा! तो काही शिकवत नव्हता, काही समजावत नव्हता. तरी लोक चपला काढून त्याच्यापुढे जायचे आणि परतताना त्यांचे डोळे भरलेले असायचे. माझ्यापुढे बसून कधी कुणी रडले नाही. जांभया मात्र पुष्कळांनी दिल्या. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

त्यात पुतळाबाई आली. मुलाबरोबर गावाहून आलेली, सत्तरीला टेकलेली, उतारवयात बाप्तिस्मा घेतलेली. रोज खोली झाडता झाडता ती देवाशी बोलायची. प्रभुभोजनाच्या त्या प्याल्याला एकदा ओठ लावावा, एवढीच तिची इच्छा होती. पण तिथली रीत अशी, की प्रश्नोत्तरांत पास झाल्याशिवाय कुणाला मेजाशी जाऊन प्याला घेता येत नसे.

नाताळाच्या आधी मास्तरांनी तिला विचारले, “पुतळाबाई, देव किती?”

तिने माझ्याकडे पाहिले. त्रिकोणाच्या एकेका कोपऱ्यावर बोट ठेवले आणि म्हणाली, “तीन.”

“एक, पुतळाबाई. एकच,” मास्तर म्हणाले. “आता ईस्टरला बघू.”

मित्रांनो, चूक तिची नव्हती. झाडताना ती एकालाच हाक मारायची. तीन कोपरे तिला मी दाखवले. तरीही मला आनंद झाला. प्याल्याकडे निघालेले एक माणूस तरी मी अडवले होते! त्या नाताळात ती दाराशी बसून राहिली आणि प्याला तिच्या डोळ्यांदेखत पेटीत गेला. थंडीत तिचा खोकला वाढला. म्हातारी हा पावसाळा काढत नाही, असे लोक म्हणू लागले.

ईस्टरच्या आदल्या दिवशी रंगराव पाळक स्वतः प्रश्नोत्तरांना येऊन बसले. मास्तरांनी त्रिकोण आणखी मोठा काढला. पुन्हा तोच प्रश्न आला. या वेळी पुतळाबाईने माझ्याकडे पाहिलेच नाही.

“मास्तर, येक म्हणावं तर ह्यो फळा तीन दावतो. तीन म्हणावं तर तुमी न्हाई म्हणता. मला न्हाई उमगत. म्या रोज हाक मारते अन् त्यो ऐकतो. मोजाय म्या कदी गेलेच न्हाई. पर उद्या मला त्यो प्याला द्या. फुडच्या खेपंला म्या आसंल का न्हाई, कुनाला ठावं.”

मग पाळकसाहेबांनी हळूच विचारले, “मास्तर, हा त्रिकोण काढून तुम्हाला देव समजला का?”

मास्तर माझ्याकडे वळले. त्यांनी खडू टेकवला, पण रेघ काही ओढली नाही.

“नाही साहेब,” ते अखेर म्हणाले. “मांडता येतो. समजत नाही.”

“मग उद्या तुम्ही मेजाशी येणार का?”

“येणार ना साहेब.”

पाळकसाहेबांनी पुतळाबाईकडे नुसते पाहिले. मास्तरांचे कान लाल झाले. त्यांनी फडके घेतले आणि त्रिकोण पुसून टाकला. “पुतळाबाई, उद्या लवकर या,” ते म्हणाले. मला मात्र मिरच्या झोंबल्या. सगळ्यांदेखत माझी पाटी कोरी झाली होती.

दुसऱ्या दिवशी गर्दी एवढी झाली, की उपासना अंगणात घ्यावी लागली. मेज बाहेर आणताना त्याचा वाळवीने खाल्लेला पाय मोडला. मास्तरांनी इकडेतिकडे पाहिले आणि मला खिळ्यावरून उतरवले. दोन खोक्यांवर मला आडवे ठेवले, वर पांढरे कापड अंथरले, आणि नेमका तो प्याला आणून माझ्या छातीवर ठेवला.

कापडाखाली मला काही दिसत नव्हते. एवढी वर्षे दुसऱ्यांना दाखवणारा मी, अंधारात पडून होतो. अनवाणी पावले आली, गेली. मग तो ओळखीचा खोकला जवळ आला. प्याला उचलला गेला. तो थोडा कलंडला असावा, कारण कापडातून एक थेंब झिरपून माझ्यापर्यंत आला. वर ती रडत होती. का रडत होती, ते मला तेव्हाही कळले नाही. पण कळले नाही म्हणून राग आला नाही, असे पहिल्यांदाच झाले.

पुतळाबाई ज्येष्ठात गेली. मी पुन्हा भिंतीवर आहे, मास्तर अजून शिकवतात. त्रिकोणही काढतात, पण आता “किती सोपं आहे” असे म्हणत नाहीत. थेंब पडला तिथे खडू घसरतो, अक्षर उमटत नाही. मास्तर तेवढी जागा सोडून लिहितात.

माझा मत्सर पुरता गेला, असे खोटे कशाला सांगू? पेटी उघडली की अजून थोडे जळते. पण मित्रांनो, माझी काळजी घ्या. सांधा चिरला तर खिळा मारा, रंग उडाला तर नवा द्या. फक्त रंग देताना ती रुपयाएवढी जागा वगळा. माझ्या अंगावर तेवढेच असे आहे, जे मला कुणाला शिकवता येत नाही.