फिनबारसाहेबांचा उपास

आखातात, मुशैरिब भागाच्या मागच्या रस्त्यावर एक मध्यमसं हॉटेल आहे आणि त्याच्या दुसऱ्या मजल्यावर आयरिश पब आहे. मॅनेजर जियाद लेबनानचा, आचारी श्रीलंकेचा, वेटर नेपाळचे नि फिलिपिन्सचे, आणि त्या सगळ्यांत जुना वेटर आल्फ्रेड आपल्या वसईचा. भिंतींना हिरवा रंग, कपाटांत किलोच्या भावाने आणलेली जाडजूड पुस्तकं, छताला टांगलेली एक जुनी सायकल. आयरिश म्हणावा असा त्या पबमध्ये खरं तर एकच माणूस यायचा, आणि तो म्हणजे फिनबारसाहेब.

दारावर ओळखपत्र मशीनला दाखवल्याशिवाय कुणाला आत पाऊल टाकता येत नाही. त्यामुळे भलाभला माणूससुद्धा आत येताना शाळेत उशिरा पोचलेल्या पोरासारखा दिसतो. तो चेहरा पाच मिनिटांत सैल करायचा, हे आल्फ्रेडचं खरं काम. ते त्याला असं काही साधलं होतं की माणसं पिण्यापेक्षा त्याच्यासाठीच येतात, असं जियाद म्हणायचा. बँकेत काम करणारी नागपूरची ईशा दर गुरुवारी आलं घातलेलं सरबत प्यायची आणि आईचा व्हिडिओ कॉल आला की पुस्तकांच्या कपाटासमोर बसून "लायब्ररीत आहे गं" म्हणायची. तेवढी दोन मिनिटं आल्फ्रेड तिच्या आसपास ग्लासांचा आवाजही होऊ द्यायचा नाही. साइट इंजिनियर देवीदास महिन्यातून एकदाच यायचा, एकाच खुर्चीत बसायचा आणि ती रिकामी नसेल तर परत जायचा. तो यायच्या सुमाराला आल्फ्रेड त्या खुर्चीवर मेन्यूकार्डांचा गठ्ठा ठेवून द्यायचा. हे कुणी त्याला शिकवलं नव्हतं.

पण एवढी माया लावणाऱ्या माणसाचा स्वतःचा संसार मात्र फोनवर चालला होता. अकरा वर्षं तो नजमा वस्तीत तिघांबरोबर एका खोलीत राहत होता. बायको कॅरल आणि बारा वर्षांची मुलगी आंद्रिया वसईला. वेटरला कुटुंब आणता येत नाही. सुपरवायझर झालं की त्या हॉटेलात 'फॅमिली स्टेटस' मिळतं, म्हणजे बायकोमुलांना आणता येतं. आणि त्या वर्षी, वर्ल्ड कप आटोपून माणसं पांगल्यावर, सुपरवायझरची एक जागा रिकामी झाली. निर्णय घेणार होत्या हेड ऑफिसच्या रबियामॅडम, आणि त्या घेणार होत्या गिऱ्हाइकांनी भरलेली अभिप्रायाची कार्डं वाचून. आल्फ्रेडच्या नावाची कार्डं सगळ्यांत जास्त होती. जियाद त्याच्या खांद्यावर थाप मारून म्हणाला होता, "मार्च संपेपर्यंत एक तक्रार येऊ देऊ नकोस. मग खलास, जागा तुझी."

राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीचा चाळीस दिवसांचा उपासकाळ सुरू होतो त्या दिवशी, आल्फ्रेड चर्चमधून थेट ड्यूटीवर आला. संध्याकाळी फिनबारसाहेब आले. पासष्टीचे, लाल चेहऱ्याचे, पुलांच्या कामावरचे इंजिनियर. त्यांच्याही कपाळावर राखेचा क्रूस होता. सहा वर्षं एकमेकांना ओळखणारी ती दोन माणसं एकमेकांच्या कपाळाकडे बघत उभी राहिली, आणि मग दोघंही हसली.

"तुझं पण?" साहेबांनी विचारलं. त्यांचं बोलणं इंग्रजीतलं, पण आल्फ्रेडच्या कानाला ते आता घरच्यासारखं झालं होतं.

"माझं पण, सर."

"मग ऐक. आजपासून ईस्टरपर्यंत मी काळी बिअर सोडली. मटणसुद्धा शुक्रवारी नाही. मी मागितली तरी द्यायची नाही. गयावया केली तरी नाही. तू साक्षीदार."

साहेबांनी हे अर्धवट थट्टेत म्हटलं असेल. पण वसईत साक्षीदार ही थट्टेची गोष्ट नाही. आल्फ्रेडचा बाप दरवर्षी उपासकाळात दारू सोडायचा आणि शेजारच्या पास्कूला साक्षीदार करायचा. एका वर्षी विसाव्या दिवशी बापाचा धीर सुटला, तेव्हा पास्कू दोन तास दारात आडवा बसून राहिला होता. बापाने त्याला शिव्या घातल्या, वर लाथही घातली. आणि ईस्टरच्या दिवशी पहिलं ताट त्याच्याच घरी पाठवलं. आल्फ्रेडला माहीत असलेलं साक्षीदाराचं काम हे असं होतं.

तेवीस दिवस सगळं सुरळीत चाललं. साहेब यायचे, लिंबू-सोडा घ्यायचे, सुस्कारा टाकायचे आणि जायचे. मग सतरा मार्च आला. संत पॅट्रिकचा सण, आयरिश पबची दिवाळीच म्हणा. त्यात शुक्रवार, सुट्टीचा दिवस. शिवाय पुढच्या आठवड्यात रमझान लागणार, मग महिनाभर पब बंद. आणि फिनबारसाहेब कायमचे मायदेशी चालले होते, तेव्हा निरोपाची पार्टीही त्याच दुपारी ठरली. त्यांची मुलगी खास तिकडून, कॉर्कहून, आली होती. चौदा माणसांचं टेबल लागलं.

आल्फ्रेड सकाळी चर्चमध्ये 'क्रूसाची वाट' ही उपासकाळातली प्रार्थना करून, उपाशीपोटी आला होता. साहेबांनी सगळ्यांची ऑर्डर दिली आणि शेवटी हात चोळत म्हणाले, "आणि मला एक काळी. आणि मटणाचा स्ट्यू."

आल्फ्रेडला वाटलं, साहेब आपली परीक्षा बघताहेत. तो छान हसला. तेरा ग्लास बिअर आणली आणि साहेबांपुढे लिंबू-सोडा ठेवला. स्ट्यूच्या जागी मासा.

टेबल हसलं. साहेबही हसले. "बरी जिरवलीस. आता आण."

"नाही सर."

"आल्फ्रेड, मी खरंच मागतोय."

"म्हणूनच नाही सर. मागितली तरी द्यायची नाही, असं ठरलंय आपलं."

आता फक्त टेबलाची दोन टोकं हसत होती. साहेब उठून उभे राहिले. तेराजण ग्लास उंचावून थांबले होते, आणि ज्याच्यासाठी उंचावले होते त्याच्या हातात लिंबू-सोडा होता. "आज संत पॅट्रिकचा दिवस आहे!" ते ओरडले. "माझ्या निरोपाचा दिवस! मला माझ्या माणसांसमोर लहान मुलासारखं वागवतोस?"

पण बापाच्या दारात आडवा बसलेला पास्कू आल्फ्रेडच्या डोळ्यांसमोरून हलेना. "सर, तुम्ही गयावया केली तरी नाही, असं म्हणाला होतात," तो हळूच म्हणाला, आणि त्याने सगळंच संपवलं.

जियाद धावत आला. त्याने स्वतःच्या हाताने बिअर भरून आणली, दहा वेळा माफी मागितली आणि आल्फ्रेडला दंडाला धरून बाजूला नेलं. "यल्ला, दारावर जा. ओळखपत्रं बघ. आज टेबलांजवळ फिरकू नकोस." मग न राहवून म्हणाला, "आयरिश पबमध्ये, आयरिश माणसाला, आजच्या दिवशी बिअर नाकारलीस! पबच्या जन्मात असं झालं नसेल."

दारावर तो उभा होता तेव्हा ईशा बाहेर पडली. सणासाठी म्हणून ती आज आली होती, शेजारच्याच टेबलावर होती, तिने सगळं पाहिलं होतं. "काका," ती म्हणाली, "आत्ता मी फोनवर वाचलं. त्यांच्याकडे आजच्या दिवसापुरती उपासाला सूट असते. बिअर, मटण, सगळ्याला. पूर्वीपासून."

"सूट? शुक्रवारी? उपासकाळात?"

"हो ना. त्यांच्या देशाचा सगळ्यांत मोठा सण आहे म्हणून."

आल्फ्रेडचा चेहरा पडला. वसईत संतांचे सण ढिगाने होतात, पण उपासकाळातल्या शुक्रवारी सूट देणारा संत त्याने आजवर पाहिला नव्हता. साहेब काही मोडत नव्हते. ते बरोबर होते, आणि त्याने तेरा माणसांसमोर त्यांचा पाणउतारा केला होता. जाताना साहेबांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. अभिप्रायाच्या पेटीत त्यांनी टाकलेलं कार्ड त्याला दारातून दिसलं.

कॅरलचा फोन त्याने त्या दिवशी उचलला नाही. दुसऱ्या दिवशी उचलला आणि काहीच सांगितलं नाही, तेव्हा तीच म्हणाली, "काय झालंय? तुझा आवाज ओल्या लाकडासारखा का येतोय?"

मग त्याने सांगितलं. पलीकडे बराच वेळ मिक्सर चालू असल्याचा आवाज आला, मग तोही थांबला.

"तुला माहीत नव्हतं ना?" कॅरल म्हणाली.

"नव्हतं."

"मग रडायचं कशाला? जागा जाऊ दे. अकरा काढली, अजून दोन काढू." एवढं म्हणून तिने मिक्सर पुन्हा लावला, आणि तो कशासाठी हे दोघांनाही कळलं. आल्फ्रेडला त्या क्षणी स्वतःचा इतका राग आला की फोन ठेवल्यावर तो कितीतरी वेळ बाथरूममध्ये नळ सोडून उभा राहिला.

रविवारी दुपारी पब उघडायच्या वेळेला फिनबारसाहेब एकटेच आले. आल्फ्रेड चटकन दाराशी गेला. "सर, माझी चूक झाली. तुमच्याकडे सूट असते, हे मला ठाऊक नव्हतं. आमच्या गावात नसते."

"अजिबात नसते?"

"एका तासाचीसुद्धा नाही, सर."

साहेब मोठ्याने हसले आणि लगेच गंभीर झाले. "शुक्रवारी टॅक्सीत मुलीने मला झापलं. म्हणाली, बाबा, त्या खोलीत तुमच्या बाजूने उभा राहिलेला तो एकच माणूस होता." ते काउंटरवर टेकले. "माझी बायको नोरा गेल्यापासून चार वर्षांत मी किती पितो, पितो की नाही, हे कुणी विचारलं नाही रे. सगळे ग्लास भरून देतात. तू दिला नाहीस, म्हणून मला राग आला. सवय राहिली नव्हती."

आल्फ्रेडने सवयीने पाण्याचा ग्लास पुढे केला.

साहेबांनी जियादला बोलावलं आणि तक्रारीचं कार्ड परत मागितलं. जियादने हात वर केले. ते हेड ऑफिसला पोचलं होतं, खलास. "मग दुसरं दे," साहेब म्हणाले, आणि तिथेच उभ्याने लिहायला लागले. एका कार्डावर मावेना, म्हणून दुसरं घेतलं, मग तिसरं.

सोमवारी रबियामॅडमनी आल्फ्रेडला ऑफिसात बोलावलं. त्या हैदराबादच्या, हिंदीत बोलणाऱ्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. टेबलावर एका बाजूला ते एक कार्ड आणि दुसऱ्या बाजूला ती तीन. जियाद भिंतीला टेकून उभा होता आणि आल्फ्रेडपेक्षा जास्त घामाघूम झाला होता.

"एकाच गिऱ्हाइकाची तक्रारही आणि शिफारसही," मॅडम म्हणाल्या. "असं मी पहिल्यांदाच बघतेय. हा गृहस्थ लिहितो की तुला वरची जागा द्या. पण नियमाप्रमाणे तक्रार ती तक्रार. एकच विचारते. समज, पुढच्या वर्षी असाच कुणी उपास धरला, तुला साक्षीदार केलं आणि सतरा मार्चला बिअर मागितली. तू काय करशील?"

जियाद मॅडमच्या मागून जोरजोरात मान हलवत होता. देईन म्हण, देईन म्हण. आल्फ्रेडला उत्तर समोर दिसत होतं. गिऱ्हाईक मागेल ते देईन, एवढं म्हटलं की सुटला. कॅरल, आंद्रिया, अकरा वर्षं, सगळं त्या एका वाक्यापलीकडे होतं.

"मॅडम, सतराला देईन. हसत देईन, स्ट्यूसकट," तो म्हणाला. "पण अठराला मागितली तर नाही देणार."

जियादने डोळे मिटले.

रबियामॅडमनी चष्मा काढला. "गिऱ्हाईक चिडलं तरी?"

"चिडलं तर चिडू दे, मॅडम. त्यानेच सांगितलेलं असतं."

मॅडम जियादकडे वळल्या. "एकवीस वर्षं मी हॉटेलं बघतेय. हो म्हणणारे मला पोत्याने मिळतात. नीट बोलून नाही म्हणणारा माणूस तुझ्याकडे आहे, आणि तू त्याला दारावर उभं करतोस?" त्यांनी पेन उघडलं. "एक तारखेपासून सुपरवायझर. आणि आल्फ्रेड, संतांची यादी पाठ कर. प्रत्येक देशाची."

"इन्शाल्ला, मॅडम," आल्फ्रेड म्हणाला, आणि बाहेर पडल्यावर जिन्यातच खाली बसला.

तिथूनच त्याने घरी फोन लावला. कॅरल बाजारात गेली होती, आंद्रियाने उचलला. तिच्याशी त्याचं बोलणं नेहमी अभ्यासाचं असायचं, आणि शेवटी ती न चुकता विचारायची की तुम्ही कधी येणार. त्याने सगळं सांगितलं, तेही उलटसुलट, आधी जागा मग कार्डं.

ती इंग्रजीत म्हणाली, "म्हणजे यायचं आम्ही?"

"तुम्ही यायचं."

"किती दिवसांसाठी, डॅडी?"

पोरीला वडील म्हणजे महिनाभराच्या सुट्टीचा पाहुणा, एवढंच माहीत होतं. तिने कधी दुसरा हिशेब पाहिलाच नव्हता.

"दिवस नाही गं, बाळा," आल्फ्रेड म्हणाला. "शाळेचा दाखला काढायला सांग आईला."