दहा खाचांची कामटी

मित्रांनो, मी बांबूची एक जुनी कामटी आहे. हातभर लांब, बोटभर रुंद. नाक जवळ आणलंत तर अजूनही पेट्रोलचा वास येईल. वारंगा फाट्यावर किसनसिंगचं गॅरेज आहे, तिथल्या पत्र्याच्या छपराखाली दोन खिळ्यांवर मी आडवी टेकलेली असते. डोंगरकडा गावच्या शाळेतली मुलं इथली जुनी गाडी बघायला येतात, तिच्याजवळ उभं राहून फोटो काढतात आणि जातात. माझ्याकडे कुणी बघत नाही. त्यात राग येण्यासारखं काही नाही, मी दिसायला तशीच आहे. पण त्या गाडीचा जीव एकदा माझ्यामुळे जाणार होता. ते मी आज सांगून टाकते.

आधी गाडीचं सांगते. ती बिलायती आहे. दोन माणसांची, बसकी, गडद हिरवी, वर कापडी टप. तिच्या देशात हौशी लोक अशा गाड्या रविवारी वारं खायला बाहेर काढत म्हणे. आमच्या फाट्यावर तिला बेडकी म्हणत. सिद्धेश्वर धरणावर एक इंजिनियरसाहेब होते, ती त्यांची. एक्याण्णव साली बदली होऊन जाताना त्यांनी ती किसनसिंगच्या हवाली केली, कारण तिचे आजार त्याच्याइतके कुणालाच कळत नव्हते. जाताना म्हणाले, "किसनसिंग, काही कर, पण हिचं इंजिन बदलू नकोस. आवाज गेला की ही गेली."

असं सांगावं लागलं, कारण त्या काळात पेट्रोलचं इंजिन उपसून डिझेलचं बसवायची साथच आली होती. किसनसिंगनं शब्द दिला.

गाडीत एक खोड होती. पेट्रोल दाखवणारा काटा कायम 'भरलेलं'वर चिकटलेला. टाकी कोरडी ठणठणीत असली तरी काटा आपला समाधानी. दोनदा भर रस्त्यात गाडी ढकलावी लागली, तेव्हा किसनसिंगनं घरामागच्या तट्ट्यातून एक कामटी उपसली, काचेच्या तुकड्यानं तासून गुळगुळीत केली. ती मी. पंपावर टाकी काठोकाठ भरली, चाळीस लिटर बसलं. मला तळापर्यंत बुडवलं. जिथपर्यंत भिजले तिथं त्यानं खाच पाडली आणि तिथून खाली पट्टी लावून सारख्या अंतरावर एकूण दहा खाचा केल्या. एक खाच म्हणजे चार लिटर.

"बराबर हाय," तो म्हणाला. मीही मानलं. बांबूला स्वतःचं गणित नसतं, अंगावर जे कोरतील तेच त्याला खरं वाटतं.

माझे ते दिवस मानाचे होते. सकाळी निघताना मला बुडवायचं, संध्याकाळी परतल्यावर बुडवायचं. आल्यागेल्याला किसनसिंग मला दाखवायचा. "काटा खोटं बोलंल, ही न्हाई बोलायची." हे ऐकलं की मी आणखी ताठ व्हायची.

आता फाट्यावरची रीत तुम्हाला माहीत आहे. नवी गाडी दिसली की माणूस मालकाचं नाव नंतर विचारतो, आधी विचारतो, किती देते. बेडकीचं उत्तर विचित्र होतं. टाकी भरलेली असली की एक खाच उतरायला छप्पन्न किलोमीटर लागत, म्हणजे लिटरला चौदा. तळाशी आली की तीच खाच चोवीस किलोमीटरमध्ये खलास, म्हणजे लिटरला सहा. आणि टाकी भरलेली असण्याचे दिवस वर्षातून दोन. बाकी वर्षभर आम्ही तळाशीच.

लालसिंग नावाचा एक ट्रकवाला होता, किसनसिंगच्याच तांड्यावरचा. चहाला थांबला की विचारायचा.

"किती देते रे तुझी बेडकी?"

"भरल्यावर चौदा. उतरल्यावर सहा."

"माझा ट्रक चार देतो, पर दहा टन वाहतो. ही दोन माणसं वाहते, त्यातला एक तू. तुझं काय वजन हाय का?" मग चहाचा घोट घेऊन निकाल द्यायचा, "सायबाची हाय ती. पोट भरलेलं असलं की शहाणी. पोट उतरलं की बकासुर."

एकदा किसनसिंगनं कोरड्या टाकीत दहा लिटर टाकून लगेच मला बुडवलं. मी चार खाचा भिजले. म्हणजे सोळा लिटर. त्यानं इकडेतिकडे पाहिलं, मला पुसलं आणि गप्प बसला. पंपवाल्याचा हात चुकत असेल तर आपण काहून सांगायचं, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. त्यानंतर दोन वर्षं तो दुसऱ्या पंपावर गेला नाही. आणि पेट्रोल टाकल्या टाकल्या मला बुडवणंही त्यानं बंद केलं, नशिबाची परीक्षा कशाला पाहा म्हणून.

पण सहाचा आकडा त्याला आतून खात होता. त्यानं दोन्ही कार्बोरेटर पाच वेळा उघडले. प्लग बदलले. शेवटी जेट बारीक करून गाडीचं पेट्रोलच तोडलं. मग ती चढावर खोकू लागली, तापू लागली, आणि तिचा तो घुमणारा आवाज दम्याच्या माणसासारखा झाला. तरी संध्याकाळी माझ्यावर आकडा तोच. भर रस्त्यात लोक हसत. तो हसण्यावारी नेणारा माणूस नव्हता, त्याला लागायचं.

शहाण्णव सालच्या हिवाळ्यात त्यानं हार मानली. अपघातात गेलेल्या एका टेम्पोचं डिझेल इंजिन अंगणात ताडपत्रीखाली येऊन पडलं. सोमवारी चेनपुली येणार, बेडकीचं इंजिन उचलून बाहेर काढणार, असं ठरलं. रविवारी दुपारी तो माझ्याकडे बघत पायरीवर बसून होता. लालसिंगही होता. अंगणात बाजेवर किसनसिंगची म्हातारी आई भिकाबाई तुरीच्या शेंगा सोलत होती आणि खाली त्याची बायको मिराबाई दाणे पाखडत होती. घरात ते त्यांची गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलतात. मी तुमच्यासाठी मराठीत सांगते.

मिराबाईनं विचारलं, "सायबाला शब्द दिलता ना तुमी?"

"शब्दावर गाडी चालत न्हाई. लई पिते ती."

"कवा पिते?"

"कवा म्हंजे?"

"भरलेली असताना पिते का उतरल्यावर?"

"उतरल्यावर. वरच्या चार खाचा गुणाची राहते. मंग हात सुटतो तिचा."

मिराबाईचं सूप थांबलं. तिनं विचारलं, "टाकी आतून कशी हाय?"

"टाकीसारखी हाय," लालसिंग म्हणाला.

"तुमाला न्हाई विचारलं, भाऊ."

किसनसिंग म्हणाला, "वरून रुंद हाय. खाली स्टेपनीला जागा द्यायची म्हणून निमुळती केली."

"रांजणासारखी," मिराबाई म्हणाली. उठली, घरातून दुधाचं लिटरचं माप घेऊन आली. "टाकी मोकळी करा."

"त्या मापाचं वाटोळं व्हईल."

"होऊ द्या. सोमवारी इंजिनचं होण्यापेक्षा आज मापाचं बरं."

टाकी रिकामी झाली. मिराबाईनं मोजून पाच मापं ओतली, गळू न देता, दूध ओततात तशी. मग किसनसिंगनं मला सोडलं. मी तळाला टेकले, वर आले. त्यानं मला उन्हात धरलं. दोन खाचा भिजल्या होत्या, वर थोडी ओल. आठ लिटर.

लालसिंगनं माझ्याकडे पाहिलं, मापाकडे पाहिलं.

"पाच वतले," मिराबाई म्हणाली. "आठ कुठून आले?"

"म्हंजे तो पंपवाला..." किसनसिंग म्हणाला आणि त्याचे कान लाल झाले.

"कोणता पंपवाला?" लालसिंगनं विचारलं.

मिराबाईनं मला हातात घेतलं आणि बोटानं दाखवलं. "वरच्या खाचेत लई मावतं, खालच्या खाचेत थोडं. खाचा सारख्या, टाकी न्हाई सारखी. गाडी वर जेवढं पिते तेवढंच खाली पिते. तुमी तिला उगं उपाशी मारून राहिले."

मित्रांनो, मला तेव्हा मोडून पडावंसं वाटलं. पाच वर्षं मी एका निरपराध गाडीवर आळ घेत होते, आणि तेही ताठ मानेनं.

एवढ्यावर विषय संपला असता. पण मिराबाई बाजेवरच्या सासूकडे वळली. आवाज चढवला नाही तिनं. "याडी, तुमच्या रांजणाचं बी असंच होतं."

भिकाबाईचे हात शेंगांत थांबले.

मिराबाई नवी सून म्हणून आली तेव्हा घरात ज्वारीचा रांजण होता, अजूनही आहे. त्याच्या आत भिकाबाईनं चार-चार बोटांवर चुन्याच्या रेघा ओढलेल्या. एक रेघ आठ दिवसांची. वरच्या रेघा आठ दिवस पुरत, तळाच्या चार दिवसांत संपत. सून पहिल्यांदा गुणाची राहते, मग हात सुटतो, असं भिकाबाईनं सगळ्या तांड्यात सांगितलं होतं. अठरा वर्षं ते तसंच चालत आलं होतं.

"मला वाटायचं, मीच कुठं सांडून राहिले काय," मिराबाई म्हणाली. "रेघ पुरावी म्हणून एक वर्स मी निम्मी भाकर खाल्ली."

किसनसिंगनं बायकोकडे असं पाहिलं, जसं त्या गाडीच्या आत डोकावताना पाहायचा. त्याला हे माहीत नव्हतं. लालसिंग चहाचा पेला ठेवायच्या निमित्तानं उठून गेला.

सोमवारी चेनपुलीवाला आला, तेव्हा गाडी जागेवर नव्हती. आदल्या संध्याकाळी जेट पूर्वीसारखे करून, त्या पहाटेच तेच पाच लिटर घेऊन नवरा-बायको औंढ्याच्या वाटेला निघाले होते. मी सीटच्या मागे होते. मिराबाईच्या मांडीवर परतीच्या पेट्रोलचा कॅन होता. गाडी पुन्हा तिच्या आवाजात बोलत होती. पेट्रोल संपून ती थांबली तेव्हा किसनसिंगनं मीटर वाचलं. पन्नास किलोमीटर. लिटरला दहा. फार नाही, पण सरळ दहा. वर दहा, तळाशी दहा.

"जास्ती न्हाई देत," तो म्हणाला.

"जेवढं देते तेवढं खरं देते," मिराबाई म्हणाली आणि कॅनचं झाकण फिरवलं.

आम्ही परत आलो तेव्हा चेनपुलीवाला चहा पिऊन निघून गेला होता. अंगणात रांजण आणून ठेवलेला होता, रिकामा. भिकाबाई ओलं फडकं घेऊन आत हात घालत होती, चुन्याच्या रेघा पुसत होती. वरच्या निघाल्या. तळाची हाताला येईना. ती कुणाला हाक मारत नव्हती, नुसती वाकत होती. मिराबाईनं कॅन खाली ठेवला आणि जाऊन रांजण कलता धरला.

माझ्या दुसऱ्या बाजूला मिराबाईनं लिटर-लिटर ओतून नव्या खाचा पाडल्या. तळाशी लांब लांब, वर दाट. जुनी बाजू किसनसिंग तासून टाकणार होता. ती म्हणाली, "राहू द्या." दोन हजार एक साली इंजिनियरसाहेब येऊन गेले. गाडी सुरू केल्यावर बराच वेळ डोळे मिटून उभे राहिले. दोन हजार चार साली नवा काटा बसला आणि मी खिळ्यांवर आले. भिकाबाई आता नाही. रांजण आहे. गाडी महिन्यातून एखादा रविवार बाहेर निघते.

मला माझ्या जागेची तक्रार नाही. फक्त पावसाळ्यात पत्रा गळतो, तेवढं कुणी मला थोडं आत सरकवलं तर बरं. आणि मित्रांनो, कधी गॅरेजात आलात, मला हातात घेतलंत, तर माझ्या सारख्या-सारख्या, देखण्या खाचा बघून घाईनं काही ठरवू नका. मला उलटी करून बघा.