मसुद्यावर एकच नाव

नव्या मसुद्याच्या पहिल्या पानावर बाबांचं एकट्याचं नाव येणार, असा फोन आला तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. पाणी कुठंतरी मुरतंय, असंच वाटलं.

फोन समितीच्या अध्यक्षांचा होता. घरात आम्ही त्यांना 'मधाचं बोट' म्हणतो. दवाखान्यातल्या स्कॅनची फाइल कुठल्याही कंपनीच्या कॉम्प्युटरवर फुकट उघडावी, म्हणून बाबांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून एक फॉरमॅट, म्हणजे फाइल कशी मांडायची नि कशी वाचायची याचे नियम, लिहिला होता. पुढे मोठ्या कंपन्या आल्या, समिती झाली आणि आयत्या बिळावर नागोबा सुखानं बसले. दर आवृत्तीत नावं वाढत गेली आणि बाबा खाली सरकत सरकत 'व इतर' मध्ये जाऊन पडले. मी पत्रं लिहिली, सभेत जाऊन तमाशाही केला. बाबा म्हणायचे, "अगं, फाइल उघडते ना? मग झालं." पण नवी आवृत्ती आली की आधी पहिलं पान बघायचे. ते बघून माझा जीव जळायचा.

आता मधाचं बोट म्हणत होतं, "ताई, बाकी सगळ्यांनी आपणहून नावं मागे घेतली. मूळ कर्ता तो एकच, नाही का? तुमच्या बाबांची फक्त सही हवी. आजच."

"आजच का?"

"चांगल्या कामाला उशीर कशाला?"

स्वल्पविरामाचं श्रेयसुद्धा न सोडणारी माणसं अख्खा मसुदा सोडून नामानिराळी झाली होती. बाबांना सांगितलं, तर त्यांनी चष्मा पुसला आणि नवा शर्ट काढायला लावला. सही घरीच करायची होती, तरीही.

मी कामावर गेले. मी एका दवाखान्यात कॉम्प्युटर सांभाळते. स्कॅनच्या खोलीतला ऑपरेटर दारातच उभा होता.

"ताई, हे जरा बघा. एकच पेशंट आहे. नव्या मशीनवर डोक्यातली गाठ डावीकडे दिसते, वॉर्डातल्या कॉम्प्युटरवर उजवीकडे."

"ऑपरेशनला कुठलं बघतात?"

"वॉर्डातलं."

"आधी ऑपरेशन थांबवायला सांगा!" मी ओरडलेच.

तो फोनकडे धावला आणि मी फाइल उघडून बसले. डावं-उजवं कुठलं, ही खूण मशीनच्या कंपनीनं फाइलच्या शेवटी, स्वतःच्या खास भागात टाकली होती. वॉर्डातल्या प्रोग्रॅमला तो भाग कळत नव्हता. आणि फॉरमॅटचा नियम होता, जे कळत नाही ते सोडून पुढे जा. प्रोग्रॅमनं नियम पाळला होता. चित्र सुरेख उघडलं होतं, फक्त उलटं.

म्हणजे समितीवाल्यांना हे आधीच कळलं होतं, म्हणूनच नावं मागे घेतली. सगळ्यांना.

घरी आले तर बाबा नवा शर्ट घालून बसलेले, समोर सहीचा कागद. मी एका दमात सगळं सांगितलं. "सही करू नका. केलं त्यांनी आणि खापर तुमच्या डोक्यावर फोडणार आहेत!"

बाबांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "नियम कुठला म्हणालीस?"

"कळत नाही ते सोडून पुढे जा."

"तो माझा आहे."

त्यांनी कागद आपल्याकडे ओढून घेतला.

"नवी फाइल जुन्या कॉम्प्युटरवर अडकू नये, म्हणून घातला होता. सगळ्यात आवडता नियम होता तो माझा."

"पण खूण तिथं त्यांनी टाकली ना?"

"टाकली. पण काय सोडायचं नाही, हे लिहायचं माझ्याकडून राहिलं."

मला बाबांचाच राग आला. इतकी वर्षं यांच्यासाठी मी जगाशी वैर घेतलं, आणि यांना खरं बोलायचा उमाळा आजच यावा? मी कागद ओढायला गेले. त्यांनी माझा हात हळूच बाजूला केला आणि सही केली.

"आता सगळ्या दवाखान्यांना कळव. मशीनवरचं चित्र बघितल्याशिवाय कुणाला हात लावू नका म्हणावं. खाली माझं नाव आणि नंबर घाल."

"समितीचा नंबर देते ना."

"समिती राहिलीय कुठं आता?"

मी रडत रडत टाइप केलं आणि पाठवलं. थोड्याच वेळात फोन वाजला. कुणी डॉक्टरबाई होत्या. बाबांनी फोन स्पीकरवर ठेवला.

"तुमचा निरोप वाचला. हे आज सुरू झालंय का?"

"नाही," बाबा म्हणाले. "नवी मशीनं आली तेव्हापासून असणार."

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला. मग बाई हळू आवाजात म्हणाल्या, "मागच्या आठवड्यात आम्ही एका मुलीचं..." आणि थांबल्या. बाबांनी डोळे मिटून घेतले.

"आपण कोण बोलताय?"

बाबांनी आपलं पूर्ण नाव सांगितलं.

"थांबा," त्या म्हणाल्या, "लिहून घेते."