नुसता हात ठेवणारी

दोन हजार तेवीस साल. गणपतीला गावी जाऊन आम्ही मुलुंडला परतलो होतो आणि दिवाळीची सुट्टी अजून लागायची होती. त्या दिवसांत एके सकाळी माझी नात प्रांजल व्हॅनची चावी ओट्यावर ठेवून म्हणाली, "आजी, उद्यापासून मी गाडी काढत नाही."

व्हॅन माझ्या मुलाची, राजेशची. तो शाळेची मुलं ने-आण करायचा. तो गेल्यावर प्रांजलने स्टिअरिंग हातात घेतलं. पदवीधर पोर, कुठल्याही ऑफिसात बसली असती. पण बापाच्या गाडीतली मुलं दुसऱ्याच्या गाडीत बसलेली तिला बघवली नाहीत. आता मात्र वर्षभर तिला धड झोप नव्हती. त्या सकाळी सिग्नलला तिचे डोळे मिटले. मागून एक पोरगं ओरडलं, "दीदी, हिरवा झाला!" घडलं काहीच नाही. तरी तिने स्वतःच चावी खाली ठेवली, याचा मला अभिमान वाटला.

दिवाळीपर्यंत मुलं दुसऱ्या गाडीत बसली. सुट्टीनंतर शाळेला पक्कं उत्तर हवं होतं. माझी सून दीप्ती म्हणाली, "विकून टाकू, आई. गाडीपायी माझी पोरगी जायला नको." शाळेच्या थांब्यावरचा ड्रायव्हर अंबादास गाडी घ्यायला तयार होता.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पण त्या घेऊन पहाटे गाडी चालवायची नाही असंही बजावलं. मग तिची मान चाचपून म्हणाले, "ही आधी दर्शनाला दाखवा."

दर्शना घाटकोपरची. फिजिओथेरपी करून वर ऑस्टिओपॅथी शिकलेली. मी विचारलं, "म्हणजे हाडवैद्य का गं?"

"नाही हो आजी. मी काही मोडत नाही नि ओढत नाही."

खरंच, तिने प्रांजलच्या डोक्याखाली दोन्ही हात ठेवले आणि नुसती बसून राहिली. मग बरगड्यांवर हात, मग पोटाच्या वर. म्हणाली, "हिचा श्वास गळ्यापाशीच अडकतोय. खांदे सारखे वर. मागे मुलं काय करतात त्याकडे कान लावून गाडी चालवते ना? झोप काही माझ्या हातात नाही. पण अंग सैल झालं तर झोपेच्या आड येणारं एक कारण तरी जाईल."

प्रांजल त्या टेबलावरच पेंगायची. घरी आली की पुन्हा टक्क जागी.

कारण घरी राजाराम भावोजी होते. माझे धाकटे दीर, गिरणीतले. गिरणीच्या कबड्डी संघातल्या पोरांची अंगं रगडायचं काम त्यांच्याकडे असायचं. मुरगळलेला पाय घेऊन आलेला गडी त्यांच्या हातून उठून मैदानात उतरायचा. राजेश गेल्यावर या घराला त्यांनीच उभं ठेवलं. प्रांजल तिथून आली की ते लसूण घालून तापवलेलं खोबरेल घेऊन तयार.

"काय केल्यान तिना?"

"हात ठेवला, आबा."

"नुसतो हात ठेवल्यान? रगडल्यान नाय? अगो, रगडल्याशिवाय शीर खय मोकळी होता? ये, बस हय."

आणि ते अंगठ्याने मान दाबत. मी म्हणायचे, "भावोजी, पोरगी आहे ती, चढाईला जायचं नाहीये तिला." ते हसायचे. प्रांजल दात आवळून बसायची, पण त्यांना नाही म्हणायची नाही.

पुढच्या खेपेला दर्शनाने प्रांजलची ओढणी बाजूला केली आणि तिचा चेहराच बदलला. मानेखाली निळे डाग. "प्रांजल, कोणी मारतं का तुला?"

आबांचं नाव प्रांजलच्या तोंडून निघेना. मीच म्हटलं, "मारत नाहीत बाई, तिचे आबा लाड करतात. उद्या घेऊन येते त्यांना."

भावोजी भांडायच्या तयारीनेच आले. "चाळीस वर्सां रगडतंय मी. कोणाचा वायट नाय झाला."

"मग तुमचा हात जाणता आहे," दर्शना म्हणाली. "इथे ठेवा. दाबू नका. फक्त काय कळतं ते सांगा."

त्यांनी नातीच्या मानेवर अंगठा टेकवला. पुन्हा उचलला, पुन्हा टेकवला. मग हळू आवाजात म्हणाले, "अंगठो लागायच्या आदीच मान कडक होता. ह्यां पोर माका भियाता."

"तुम्हाला नाही, आबा," प्रांजल पटकन म्हणाली. "दुखतं ना यार, म्हणून."

"मगे सांगूक काय झालेला तुका?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"गाढव!" ते म्हणाले आणि डोळे पुसत बाहेर गेले.

त्या दिवसापासून घरात रगडणं बंद झालं. दर्शनाने पोटापर्यंत श्वास घ्यायला शिकवलं होतं, ते प्रांजल घरी करू लागली, भावोजी शेजारी बसून "खाली, अजून खाली" म्हणत राहायचे. जादू झाली नाही. पण जाग यायची ती कमी झाली, मग आणखी कमी.

दिवाळी सरल्यावरच्या रविवारी सकाळी आठला अंबादास गाडी बघायला आला. दीप्तीनेच बोलावलं होतं. ती चावी आणायला आत गेली आणि रिकाम्या हाताने परत आली.

"चावी ओट्यावर नाही, प्रांजलच्या उशाशी आहे," ती म्हणाली. "आणि ती झोपलीये."

"मग उठवा ना वहिनी, दोन मिनिटांचं काम."

"उठवणार नाही. काल रात्रीपासून एकदाही उठली नाहीये ती. तुम्ही जा अंबादासभाऊ. गाडी विकायची नाही आम्हाला."

अंबादासने पुढे दुसरी व्हॅन घेतली; कधी प्रांजलला बरं नसलं तर तिची मुलं तोच नेतो. दर्शनाचं लग्न होऊन ती नाशिकला गेली, तिथे तिचं काम जोरात चाललंय. दीप्ती आता सकाळी प्रांजलबरोबर गाडीत बसते, मागची मुलं सांभाळते, म्हणजे पोरीचे कान रस्त्यावर राहतात. भावोजी मागच्या वर्षी गावी गेले ते तिथेच रमले, गावातल्या पोरांना कबड्डी शिकवतात. प्रांजलने त्याच गाडीच्या जोरावर दुसरी घेतली आणि तिच्यावर एक मुलगी ड्रायव्हर ठेवली. मी अठ्ठ्याहत्तरची आहे, गुडघे कुरकुरतात, पण दुपारी पडल्या पडल्या डोळा लागतो.