रावजी सरांचं प्रॅक्टिकल

"सर, आकडे थांबतच नाहीयेत," पहिल्या रांगेतली रुखसार म्हणाली.

रावजी सरांनी पडद्याकडे पाहिलं. ओळीमागून ओळ, आकडे भराभर फुगत चालले होते. लाइट जावी, असं त्यांना मनापासून वाटलं.

इंजिनिअरिंगच्या मुलांना हा विषय शिकवण्यात त्यांची उभी हयात गेली होती, पण फळ्यावर. सरळ न सुटणाऱ्या समीकरणाचं उत्तर आधी अंदाजाने धरायचं, मग पायरी-पायरीनं खऱ्या उत्तराजवळ सरकायचं. यंदा अभ्यासक्रम बदलला आणि विषय फळ्यावरून कम्प्युटर लॅबमध्येही गेला.

"जमत नसेल तर तेजस्विनीकडे देऊ," विभागप्रमुख म्हणाले होते. तेजस्विनी सरांचीच विद्यार्थिनी, आता त्याच विभागात शिकवत होती.

"जमेल की," सर म्हणाले खरे, पण तेव्हापासून त्यांना लॅबची धास्तीच बसली होती.

"हा प्रोग्रॅम बंद कसा करायचा गं?" आता त्यांनी रुखसारला हलक्या आवाजात विचारलं.

रुखसारनं उठून प्रोग्रॅम थांबवला. मग सरांनी टाइप केलेल्या ओळी ती वाचू लागली.

"सर, इथं अधिक झालंय. तुम्ही फळ्यावर वजा शिकवलं होतं ना?"

तिनं चिन्ह बदललं. आकडे सरकत सरकत आले आणि एका जागी थांबले. मुलं खूश झाली. सर मात्र खुर्चीची पाठ घट्ट धरून उभे होते. ते चिन्ह त्यांनी झोपेतही बरोबर लिहिलं असतं; मघाशी तेच समोर असून दिसलं नव्हतं. भीतीनं त्यांचं येत असलेलंही हिरावून नेलं होतं.

तास संपल्यावर ते थेट विभागप्रमुखांकडे गेले.

"कसं झालं, सर?"

"चुकलं. एका मुलीनं दुरुस्त केलं." सर म्हणाले. "विषय तेजस्विनीकडे द्या. मला फक्त तिच्या तासाला बसू द्या."

पुढच्या सोमवारी सर शेवटच्या रांगेत एका मुलाशेजारी बसले. समोर तेजस्विनी शिकवत होती. मध्येच एक ओळ त्यांना कळेना. आजूबाजूची मुलं टाइप करत राहिली.

सरांनी हात वर केला. तेजस्विनीचं लक्ष जाईपर्यंत त्यांनी तो खाली घेतला नाही.

तेजस्विनी गडबडून सरळ उभी राहिली. "बोला ना, सर."

"मॅडम," सर म्हणाले, "ही तिसरी ओळ परत सांगता का?"