मंतरलेली कणीक

सांगोल्याच्या जनावरांच्या प्रदर्शनात मेंढ्यांची निवड व्हायची होती, पण गर्दी परीक्षकांभोवती नव्हती. ती मल्लिनाथबुवाच्या पायाशी होती. "दुपारपतोर जोतिरामाचा मेंढा गुडघं टेकंल," असं बुवा सकाळीच बोलून गेला होता. आणि गेल्या साली पहिला आलेला तो मेंढा खरोखरच पोट फुगवून, दात खात आडवा झाला होता.

धुळा आपल्या मेंढ्याची दोरी धरून मागं उभा होता. आता पहिला नंबर त्याचाच. आदल्या संध्याकाळी तो पहिला नंबर मागत बुवाच्या पाया पडला, तेव्हा बुवानं मंतरलेले कणकेचे गोळे पाटीभर त्याच्या हवाली केले होते. जोतिराम जेवायला गेल्यावर धुळानं ते त्याच्या मेंढ्याला चारले. करणी बुवाची, आपण नुसते सांगकामे, अशी त्यानं मनाची समजूत घातली होती.

"नजर बाईमाणसाची हाय," बुवा डोळे मिटून म्हणाला, आणि मिटल्या डोळ्यांनीच त्याचं बोट नेमकं मायाक्काकडं गेलं. जोतिरामाची ही विधवा चुलती. सकाळी तिनं मेंढ्याच्या कपाळाला भंडारा लावला होता. दोघातिघांनी तिला ओढत पुढं आणलं. जोतिरामही तिच्याकडं संशयानं बघू लागला.

"मी त्येला बाटलीनं दूध पाजून वाढवलाय, बाबा," म्हातारी एवढंच म्हणाली.

धुळानं मान खाली घातली.

तेवढ्यात जनावरांच्या डॉक्टर वैजयंतीबाई आल्या. त्यांनी मेंढ्याच्या पोटात नळी घातली. आंबूस, पिठूळ पाणी बाहेर आलं. एकदम एवढी कणीक खाल्ली की ती पोटात आंबते आणि दुसऱ्या दिवशी मेंढा पडतो, असं सांगून त्यांनी विचारलं, ही चारली कुणी?

देवाची करणी नळीत गावत नसते, असं बुवानं ऐकवलं. लोकांनी माना डोलावल्या. मायाक्काला गावाबाहेर काढा, असं कुणीतरी म्हणालं.

"मी चारली," धुळा म्हणाला. आवाज इतका बारीक, की त्याला पुन्हा सांगावं लागलं. "गोळं बुवानं दिलं. मंतरलेलं हायती म्हणून."

"बिनमंतराचे दिले असते, तरी मेंढा असाच पडला असता," डॉक्टर म्हणाल्या. "बुवाला पुढचं दिसलं नव्हतं. पाटीत काय होतं, ते ठाऊक होतं."

बुवा चपला शोधू लागला, पण लोकांनी पोलीस येईपर्यंत त्याला हलू दिलं नाही. डॉक्टरांच्या औषधानं संध्याकाळी मेंढा कसाबसा उभा राहिला. धुळानं स्पर्धेतून नाव काढून घेतलं आणि मायाक्कापुढं वाकला. तिनं पाय मागं घेतले.

"पाया पडायचं सोड आता," ती म्हणाली. "बुवाच्या पडलास, तवा गोळ्यात काय हाय, येवढं इचारायचं हुतंस की."